पहिल्या दिवशी साबण विकत घे

अरे,

तुझी एक्सेल शीट उघडून बघितली. दहा नोव्हेंबर, लिस्बन, दिवस पहिला, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे टाइम, आणि शेवटच्या कॉलमला तू हेडिंग दिलंयस "का". त्या "का"च्या खाली निम्म्या ओळींत एकच उत्तर, "तेव्हा इथे बसायचो". हसू आलं असं लिहिणार होते पण खरं सांगायचं तर पोटात जरा कालवलंच, कारण २०११ साली माझ्या पर्समध्ये पण अशीच यादी होती, फक्त तिकिटाच्या प्रिंटआउटच्या मागे पेनने लिहिलेली.

तू विचारलंयस, ताई एका दिवसात एवढं बसेल का. बसेल की, पाय धड असले तर सगळं बसेल. पण बसवू नकोस. का ते सांगते, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी तिथे २००३ ते २००५ होते, प्रोजेक्टवर. तू सहा महिने शिकायला होतास, मी दोन वर्षं नोकरी केली, पण रोग एकच, परत आल्यावर पुण्यातल्या प्रत्येक चढाला "हे ग्रासासारखं वाटतं" म्हणायचे आणि घरचे वैतागायचे. लिस्बनच्या त्या टेकडीवरच्या ग्रासा भागातच माझी खोली होती, चौथा मजला, लिफ्ट नाही, खिडकीतून नदीचा एक इंच दिसायचा. सहा वर्षांनी पहिल्यांदा परत गेले तो नोव्हेंबरच होता आणि धो धो पाऊस. मेट्रो तेव्हा एअरपोर्टपर्यंत आलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी आली, म्हणून टॅक्सी केली, टॅक्सीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि तिथून बॅग ओढत निघाले. ते पांढरे-काळे दगड तुला माहितीयत, काल्सादा, फोटोत फार गोड दिसतात, ओले झाले की साबण फिरवल्यासारखे. बॅगेचं एक चाक पहिल्या पाच मिनिटांत गेलं.

तरी हॉटेलवर बॅग टाकून मी यादी घेऊन पळाले. झोप नाही, जेवण नाही. यादीतलं पहिलं ठिकाण म्हणजे एक तास्का, आपल्याकडे खानावळ म्हणतो तसलं, सहा टेबलं. तिथली बाई मला काल्दु व्हेर्द मधला सॉसेजचा तुकडा न घालता द्यायची, बटाट्याचं दाट सूप आणि वर बारीक चिरलेली हिरवी पानं, पानं आपल्या कोबीच्या घराण्यातलीच, आणि न सांगता द्यायची, मी दारात दिसले की आत ओरडायची. तर त्या दाराला शटर. शटरवर कागद चिकटवलेला, "त्रेस्पासा-से", म्हणजे चालू धंदा दुसऱ्याला द्यायचाय. २०११ म्हणजे पोर्तुगालने ७८ अब्ज युरोचं कर्ज उचललं ते वर्ष, असे कागद तेव्हा गल्लोगल्ली होते, पण मला बाकीच्या गल्ल्यांचं काय, मला फक्त तो एक दिसत होता. मग दुसरं ठिकाण, तिथे फक्त टुरिस्टांची रांग. तिसऱ्याला पोहोचायच्या आत उतारावर घसरले. गुडघा फुटला आणि उजव्या बुटाचा तळ अर्धा उखडून जिभेसारखा लोंबायला लागला. पायरीवर बसून नवऱ्याला फोन लावला आणि रडतच म्हटलं की हे शहर आता माझं राहिलं नाही. तो दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाला, जेवलीस का?

नव्हते जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट पिशवीत घालून चांभार शोधत निघाले, पायात हॉटेलच्या त्या पांढऱ्या सपाता. (चांभाराला तिथे सपातैरु म्हणतात, आणि बुटाला सपातु. माझी आजी घरातल्या चपलांना सपाताच म्हणायची, तिला कुठे माहीत की ती पोर्तुगीज बोलतेय.) दोन पायऱ्या उतरून जायचं तळघरवजा दुकान, आत पॉलिशचा आणि रबर सोल्युशनचा वास, रेडिओवर फुटबॉलची चर्चा. म्हाताऱ्याने बूट हातात घेतला, वाकवून बघितला, तळावर अंगठा घासला आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, आपल्याकडे डॉक्टर विचारतात ना "इतके दिवस काय करत होता", डिट्टो तसं. कातडी तळ, लिस्बनमध्ये, नोव्हेंबरात? मग एका चिठ्ठीवर नंबर लिहिला, अर्धी फाडून मला दिली, अर्धी बुटाच्या नाडीत अडकवली, चार वाजता ये म्हणाला.

आता सपाता घालून माणूस किती लांब जाणार? चार वाजेपर्यंत मी त्या तीन-चार गल्ल्यांतच अडकले. कोपऱ्यावरच्या कॅफेत काउंटरला उभं राहून बिका, म्हणजे तिथली छोटी कडक कॉफी, घेतली, काउंटरवाल्याने माझे पाय बघितले, मी पिशवीतली चिठ्ठी दाखवली, तो म्हणाला हां, त्याच्याकडे का, मग बरोबर. हॉटेलच्या साबणाने हात कोरडे पडले होते म्हणून किराणाच्या दुकानात साबण घेतला. दुपारी परत त्याच कॅफेत गेले तर त्याने न विचारता बिका ठेवली. बस. एवढंच झालं. आदल्या दिवशी मी अर्धं शहर पालथं घालून जे शोधत होते ते मला सपाता घालून दोनशे मीटरमध्ये मिळालं, आणि त्यात माझ्या यादीतलं एकही ठिकाण नव्हतं. चार वाजता बूट मिळाले, म्हाताऱ्याने दोन्हींना रबरी तळ लावला होता, मी एकाचंच सांगितलं होतं, पैसे मात्र दोन्हींचे घेतले.

म्हणून तुला म्हणते, पहिल्या दिवशी एखादं काम काढ. खरं काम, फुसकं नको. साबण घे, घड्याळाचा सेल बदल, शर्टाचं बटण लावून घे, चावी बनवून घे, काहीही. आठवण घेऊन दारात उभा राहिलास तर दुकानदार काय करणार तुझं, त्याला बिचाऱ्याला तुझा चेहरापण आठवत नसतो. पण साबण मागितलास की तो एक गिऱ्हाईक बघतो आणि तू पण जरा सरळ उभा राहतोस. तू तिथे सहा महिने राहिलास ते काय व्ह्यू बघून राहिलास का, मोजे, कांदे, रिचार्ज, प्रिंटआउट यांच्यासाठीच तर हिंडत होतास, व्ह्यू मधे मधे यायचे.

आणि भाषेचं टेन्शन घेऊ नको, अर्धी यादी तर आईकडूनच शिकून गेलायस. साबण म्हणजे साबांव (अंगाच्या साबणाला ते साबोनेत म्हणतात, तेवढं लक्षात ठेव, नाहीतर कपड्याची वडी हातात येईल), चावी म्हणजे शाव्ह, बादली बाल्द, पाव पांव, बटाटा बटाटाच, अननस, काजू, लिलाव, घमेलं, सगळं तिकडून बोटीत बसून आपल्याकडे आलेलं. फक्त ते लोक स्वर खातात हे तू विसरला असशील. बोर्डवर कायस दो सोद्रे (नदीकाठचं ते स्टेशन) असं दिसतं ते तोंडात येताना कैश्दुसुद्रे होतं. दुकानात शिरलास की आधी नमस्कार, मग काम. जेवायच्या आधी बों दिया, जेवणानंतर बोआ तार्द, घड्याळात बारा वाजले की नाही याला फारसं महत्त्व नाही, पोटात काय आहे त्यावर ठरतं. तू ओब्रिगादु म्हणायचं, मी ओब्रिगादा म्हणते. ते इंग्लिशमध्ये उत्तर देतील, देऊ देत, तू आपला पोर्तुगीजच बोल, दोन-तीन वाक्यांनी समोरचा वळतो, नाही वळला तर नाही.

आता दिवस कसा घालवायचा ते. दुबईवरून जातोयस म्हणजे इमिग्रेशन लिस्बनलाच, रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, सकाळचं काहीही बुक करू नकोस. बाहेर आलास की मेट्रो, लाल लाइन. एअरपोर्ट स्टेशनच्या भिंतींवर पोर्तुगालच्या मोठ्या मोठ्या माणसांची व्यंगचित्रं आहेत, ती तुला आठवत असतील, बघत थांबू नको, मागच्याची बॅग टाचेवर येते. जुनं व्हिव्हा कार्ड सापडलं म्हणून मला फोटो पाठवलास ना, ते ठेव आठवण म्हणून, पण आता कार्डाचं नाव नव्हेगांत आहे, रिकामं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, त्यावर झॅपिंग म्हणजे पैसे भरून ठेव, बस, ट्राम, मेट्रो, फेरी सगळीकडे चालतं. आलामेदाला उतरून हिरवी लाइन, दोन स्टेशनांवर आंजुश, तुझी रूम. सामान टाक, अंघोळ कर, आणि पलंगावर "पाच मिनिटं" पडू नकोस. नोव्हेंबरात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, दुपारी चारला तुझं शरीर म्हणेल रात्रीचे साडेनऊ झाले आणि संध्याकाळी साडेपाचला तर तिथे अंधारच होतो, पडलास की संपला दिवस.

मग खाली उतर आणि पहिला जो साधा कॅफे दिसेल, जिथे मेन्यूवर फोटो नाहीत, तिथे काउंटरला उभं राहून बिका घे. बसू नको. बऱ्याच ठिकाणी उभ्याचा रेट वेगळा, टेबलाचा वेगळा, बाहेरच्या खुर्चीचा अजून वेगळा, आणि पैशाचं जाऊ दे, काउंटरला कोपर टेकवलं की कानावर गप्पा पडतात. मी होते तेव्हा पन्नास-पंचावन्न सेंटला मिळायची, आता एक युरोच्या आसपास. "पूर्वी एवढ्याला मिळायची" हे वाक्य मनात येईल, येऊ दे, पण दिवसभर त्याचाच हिशोब करत बसू नकोस. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा मोह तोच असतो, हजेरी घेण्याचा. हे बंद, ते महाग, इथे पूर्वी वाणी होता आता ब्रंच मिळतं. खरं आहे सगळं, भाडी अशी चढलीयत की तुझ्या वयाची तिथली पोरं आईवडिलांकडेच राहतात, आणि आपण सूटकेस घेऊन येणारे लोक त्या कारणांतलंच एक कारण आहोत, त्यामुळे तक्रार जरा दबक्या आवाजात केलेली बरी.

नंतर काम. साबण. पिशवी हातात ठेव, रूमवर ठेवायला परत जाऊ नको, पिशवी हातात असली की चाल बदलते माणसाची, करून बघ.

मग चालत रोसिओ चौकापर्यंत ये. तुझी वेळ नेमकी आहे, दुसऱ्या दिवशी अकरा तारीख, साओं मार्तिन्हु, चेस्टनटचा सण. गाड्यावर मातीच्या भांड्यात चेस्टनट भाजत असतात, धूर इतका की पलीकडचं काही दिसत नाही, आणि वरच्या मिठाने त्यांची सालं राखेसारखी पांढुरकी पडतात. "केंतश इ बोआश", म्हणजे गरम आणि चांगले, असं ओरडतात, आपल्या शेंगावाल्याचा सूर. मी होते तेव्हा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांचा कोन करून द्यायचे, बोटांना कुणाचा तरी नंबर चिकटायचा. डझनाच्या हिशोबाने मिळतात, अर्धा डझन घे, पहिले दोन जिभेला चटका देतात, तिसऱ्यापासून चव लागते.

तुझ्या शीटमध्ये पाच नंबरला "एलेव्हादोर दा ग्लोरिया, वर जाताना उजवीकडची सीट" असं आहे, म्हणजे ती केबलने उतारावर वर-खाली करणारी गाडी. हे तू जुन्या नोट्समधून कॉपी केलंस असं धरून चालते. ३ सप्टेंबर २०२५ ला तिची केबल सुटली आणि डबा उतारावरून खाली येऊन वळणावरच्या इमारतीवर आदळला, १६ माणसं गेली. १८८५ पासून चालणारी गाडी. तू वर्गाला उशीर झाला की तिने जायचास, मी गुडघे कुरकुरायला लागल्यावर. त्यानंतर तिथली गाडी बंद झाली. पाच नंबर खोडू नकोस, फक्त रेस्तावरादोर्शपासून तो उतार पायी चढ, भिंतीच्या कडेकडेने. फोटो काढू नको. वर पोहोचलास की साओं पेद्रो द आल्कान्तराचा कठडा आहेच, समोर किल्ला, खाली सगळा बायशा, म्हणजे शहराचा सखल मधला भाग, तिथे दम खा. शहर बदललं असं आपण दुकानांबद्दल म्हणत असतो, आणि हे असलं बदलणं आपल्या यादीत नसतंच.

ट्राम २८ पहिल्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशीही नको खरं तर, बसायचंच असेल तर सकाळी लवकर कांपु द ओरीकच्या टोकाला बस, आणि पाकीट पुढच्या खिशात. बेलेंला वास्को द गामाची कबर, पेस्ट्रीची रांग, ते सगळं नंतर, तुला तिथे जाऊन वसईचा आणि चिमाजी अप्पांचा विचार करायचाच असतो हे मला माहितीये, पण तो विचार जेट लॅगमध्ये नीट होत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. मार्तिम मोनीज चौकाच्या मागे बेन्फोर्मोझु रस्त्यावर तू मसाले घ्यायचास, तिथे अजूनही कढीपत्ता मिळेल, बांगलादेशी आणि नेपाळी दुकानं आहेतच. पण २०२४ च्या डिसेंबरात त्याच रस्त्यावर पोलिसांनी माणसांना ओळीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, त्याचा फोटो जगभर फिरला, आणि २०२५ च्या निवडणुकीत बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणारा पक्ष जागांच्या बाबतीत संसदेत दुसऱ्या नंबरवर आला. ज्या शहराने गोव्याशी नातं असलेल्या आंतोनियो कोश्ताला मेयर केलं आणि पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला, ते हेच शहर. दोन्ही खरं आहे. माझ्या वेळी मी ही काळजी केली नाही, तू पासपोर्टची कॉपी खिशात ठेव, आणि तिथे जेव. पहिल्या रात्री वरण-भात खाल्ला म्हणून कुणी तुझं लिस्बन काढून घेत नाही. दुसरीकडे कुठे जेवलास तर टेबलावर आधीच ठेवलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात हे आठवतंय ना, नको असेल तर "नांव, ओब्रिगादु" म्हणून परत दे, कुणी वाईट मानत नाही.

आणि जेवायच्या आधी, अंधार पडायच्या आत, फेरी. शीटमधली बाकीची ठिकाणं कापली तरी चालतील पण ही घाल. कैश्दुसुद्रेवरून नदीपलीकडच्या काशील्याशला, दहा मिनिटांचं पाणी. पणजी ते बेती बोट आठव, तसलेच लोक, ऑफिसातून घरी निघालेले, हातात भाजी, डोळे अर्धे मिटलेले, नदीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पलीकडे उतर आणि पुढच्याच बोटीने परत ये. येताना बाहेर बघ, उजवीकडे तेरैरु दु पासु दिसेल, तो पिवळा कमानवाला चौक. ऑफिशियल नाव प्रासा दु कोमेर्सिउ, पण बोटीतल्या कुणालाही विचार, तो तेरैरु दु पासुच म्हणेल, राजवाड्यासमोरचं आवार. राजवाडा १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात गेला, मागून समुद्र आला आणि उरलेलं आगीत गेलं, तेव्हाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्कीसने, तिथे सरळ रेषेतलं नवं शहर बांधलं, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घालून, की पुढच्या भूकंपाला इमारत हलेल पण पडणार नाही. अडीचशेहून जास्त वर्षं झाली राजवाडा नाही आणि लोक पत्ता सांगताना अजून राजवाड्याचाच सांगतात. आपण दादर टीटीला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, उतरतो की नाही, ट्राम तर १९६४ ला बंद झाली. माझ्या तास्काच्या जागी आता काय आहे मला माहितीये, तरी पण कुणी विचारलं तर मी "ती तास्का आहे ना, तिच्या समोर" असंच सांगते.

बूट रबरी तळाचे घे, हे कॅपिटल अक्षरांत लिहिलंय असं समज.

शीट डिलीट करू नकोस, तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेव, तोवर त्यातली निम्मी ठिकाणं रस्त्यात आपोआप लागलेली असतील. आणि रात्री झोपायच्या आधी मला फोटो पाठव. नदीचा नको, सूर्यास्ताचा नको, माझ्याकडे ढीगभर आहेत. साबणाच्या बिलाचा पाठव, सध्या किती पडतो ते बघायचंय.

तुझी,
ताई